पावसास नम्र सूचना

प्रति,
मा. पाऊस,
मुक्काम अनिश्चित.

विषय : कडेगाव परिसरात जमिनीत मुरण्याची सोय बंद झाल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण आमच्याकडे बेतानेच येता आणि येता तेव्हा न कळवता येता, म्हणून हे पत्र आगाऊ. यंदा नेहमीसारखे अंगणात टेकू नका. अंगणे गेली, तिथे पेव्हर ब्लॉक आले. त्यांच्या फटींत गवत उगवते म्हणून फटीही सिमेंटने बुजवून घेतल्या. गल्लीत या गटारापासून त्या गटारापर्यंत काँक्रीट आहे. कुठेही पडलात तरी गटारातच जाल, अशी चोख व्यवस्था आहे.

आपली जुनी सवय आम्हाला ठाऊक आहे. मातीतून मुरमात, मुरमातून काळ्या पाषाणाच्या भेगेत, तिथून रमतगमत पिण्याच्या विहिरीत. एवढा वेळ आता कोणाला आहे? नव्या वाटेने आपण लगोलग ओढ्यात, ओढ्यातून येरळेत, ब्रह्मनाळजवळ कृष्णेत आणि पुढे कर्नाटकात. टेंभू उपसा योजनेचे पंप पार वरच्या अंगाला, कराडजवळ. त्यामुळे आमच्या दारातून गेलेले आपण फिरून आमच्याच वाट्याला याल, ही भीती नाही. दुसऱ्याच्या डोंगरावर पडलेले पाणी आम्ही वीज जाळून टप्प्याटप्प्याने चढवून आणतो आणि नारळ फोडून त्याचे पूजन करतो. दारात फुकट पडलेल्याचे पूजन कोण करणार? फोटोही नीट येत नाही.

एका हिशेबी माणसाने मध्येच डोके खाल्ले. म्हणे, वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका गुंठ्यावर पन्नास हजार लिटर पडते, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. आमच्या खडकात त्यातला दहावा हिस्सा मुरला तरी अर्धा टँकर झाला. आम्ही म्हणालो, अर्ध्या टँकरसाठी पायाला चिखल लावून घ्यायचा? मग तो गावातले झाकलेले गुंठे मोजू लागला. त्याला चहा पाजून वाटेला लावले.

कायदा आमच्या बाजूने आहे. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी केली. म्हणजे खालून पाणी ओढणारा गुन्हेगार आणि वरून झाकण लावणारा विकासपुरुष. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत पाऊस साठवणे वा जिरवणे सक्तीचे आहे, पण ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना. पाच गुंठेच म्हणा ना. आमचे घर दीड गुंठ्यात. आपले आमचे देणे-घेणे संपले.

परदेशात मात्र उलटी तऱ्हा. अमेरिकेतल्या ऑस्टिनकरांनी १९९२ साली मतदान करून, बार्टन झऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या पुनर्भरण पट्ट्यात जमिनीचा १५ टक्क्यांहून जास्त भाग झाकायचा नाही, असे ठरवले. जर्मनीत अनेक शहरांत पावसाचे पाणी गटारात सोडणाऱ्या फरसबंदीवर चौरस मीटरप्रमाणे आकार भरावा लागतो. तिकडे घरपट्टीची बिले कमी पडत असावीत.

सगळेच काँक्रीट उखडा, असे कोणी म्हणत नाही. मोहरमला कडेगावचे गगनचुंबी ताबूत निघतात, त्या वाटेला पायाखाली पक्का रस्ता हवाच. फक्त आमच्या मोटरसायकलीच्या स्टँडला ताबुताएवढा आधार का लागतो, हे ठेकेदाराला विचारायचे राहिले.

तरी, पडायचेच असेल तर देवराष्ट्र्याकडे सागरेश्वरात पडावे. धों. म. मोहित्यांनी उघड्याबोडक्या डोंगरांवर उभे केलेले ते रान. तिथल्या हरणांनी अद्याप पेव्हर ब्लॉकची मागणी केलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नळधारक

ता. क. : उन्हाळ्यात विहीर आटली की टँकर येणार. त्याला वळायला जागा पक्की हवी, म्हणून विहिरीभोवती काँक्रीट करून मिळावे, असा अर्ज आम्ही आजच दिला आहे.