सोळा हंगामांचं उद्यापन

"मंगळवारपासून आमच्या संघाचं शिबिर सुरू होतंय," मी आईला फोनवर सांगितलं.

"रक्तदानाचं का रे?"

"नाही गं, बास्केटबॉलचं."

"तू खेळणारेस?"

"नाही. बघणार."

"म्हणजे तिथे जाणारेस?"

"तिथे बाहेरच्या कुणाला सोडत नाहीत."

आई जरा थांबली. मग म्हणाली, "मग मंगळवारपासून तुझं काय सुरू होतंय?"

ही गोष्ट सप्टेंबर 2022 ची. आईच्या या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही देता येईल असं नाही, पण प्रयत्न करतो.

ऑगस्ट 2006 मध्ये नोकरीच्या निमित्ताने आम्ही सॅक्रॅमेंटोला आलो. हे कॅलिफोर्नियाच्या राजधानीचं गाव. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, या गावाचा संघ आहे: सॅक्रॅमेंटो किंग्ज. आम्ही आलो तेव्हा हा संघ सलग आठ वर्षं बाद फेरीत जात होता. बाद फेरी म्हणजे काही एव्हरेस्ट नव्हे. संघ तीस, त्यातले सोळा जातात. तीस पोरांच्या वर्गात सोळा पास होतात म्हणा ना. आम्ही सामान उतरवलं, मी जांभळी जर्सी विकत घेतली आणि त्या हंगामात किंग्ज नापास झाले. पुढच्या हंगामातही झाले. मग नापास होणं हीच परंपरा झाली. 2006-07 पासून 2021-22 पर्यंत ओळीने सोळा हंगाम! एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाने पाहिलेला नाही.

"तुझाच पायगुण," असं बायको 2009 पर्यंत थट्टेने म्हणायची. त्यानंतर तिच्या आवाजातली थट्टा कमी होत गेली.

रामाचा वनवास चौदा वर्षांचा, पांडवांचा बारा अधिक एक. या सोळा हंगामांत किंग्जचे अकरा प्रशिक्षक झाले. हंगामी धरून अकरा, म्हणजे सगळ्यांना एकत्र उभं केलं असतं तर क्रिकेटचा संघ झाला असता आणि कदाचित त्यात आम्ही जिंकलोही असतो. 2013 मध्ये संघाची मालकी विवेक रणदिवे यांच्याकडे आली. मुंबईत जन्मलेला, वाढलेला माणूस. ही बातमी ऐकून आमच्या मामाने पहिला प्रश्न विचारला, "कुठले रणदिवे? ओळख निघते का बघ." ओळख निघाली नाही. या गृहस्थांनी स्वतः कधी बास्केटबॉल न खेळता मुलीच्या संघाला प्रशिक्षण दिलं होतं, हे मात्र मी वाचलं आणि मला फार धीर आला. अनुभव नसताना मत असणं हा दोष नाही, हे एवढ्या वरच्या पातळीवर सिद्ध झालं होतं.

आमचा मामा नागपाड्याचा. त्याच्यासाठी एनबीए म्हणजे नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन. "मी एनबीए गॅलरीतून बघत मोठा झालोय," असं तो सांगतो आणि ते शब्दशः खरं आहे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज ऐन शिबिराच्या दिवसांत विमानात बसून मुंबईला गेले. भारतातले एनबीएचे पहिलेवहिले सामने, वरळीच्या डोममध्ये, समोर इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि आम्ही 132-131 असा एका गुणाने हरलो. दुसऱ्याला मामा जातीने हजर होता. तो आम्ही 130-106 असा हरलो. रात्री मामाचा फोन आला. "अरे, एवढ्या लांबून हरायला आले? आमच्या बच्चूखान ग्राउंडवर ये म्हणावं, पोरं चहा पाजून हरवतील."

तर अशी सोळा वर्षं. त्या सप्टेंबरला मी वही काढली तेव्हा बायको म्हणाली, "सोळा सोमवारांचं उद्यापन सतराव्या सोमवारी असतं. यंदा सतरावं वर्ष ना?"

मी वहीला खाकी कव्हर घातलं. शंभरपानी, एकरेघी, डोंबिवलीहून आणलेली. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पानावर आपलं अक्षर कसं मोत्यासारखं यायचं, तसंच त्या दिवशी आलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी पत्रकारांसमोर खेळाडूंची हजेरी असते. सगळे नव्या जर्सीत येतात, फोटो काढून घेतात आणि ओळीने मुलाखती देतात. हा वधू-वर मेळावाच असतो. आपल्या मेळाव्यात सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष आणि सगळे मुलगे निर्व्यसनी असतात. इथे प्रत्येक खेळाडू आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत असतो. प्रत्येकाने उन्हाळाभर घाम गाळलेला असतो, सात-आठ किलो स्नायू कमावलेले असतात आणि प्रत्येकाला फक्त संघाच्या विजयाशी देणंघेणं असतं. गेली सोळा वर्षं मी हे ऐकत होतो. तरीही वहीत लिहिलं, "या वर्षी सगळे मनापासून बोलताहेत."

मंगळवारी प्रत्यक्ष शिबिर सुरू झालं. सराव बंद दाराआड. शेवटची दहा-पंधरा मिनिटं पत्रकारांना आत घेतात, तोवर खरं काम संपलेलं असतं आणि मंडळी निवांत बास्केटा मारत असतात. त्याची चाळीस सेकंदांची चित्रफीत संध्याकाळी आपल्या फोनवर येते. म्हणजे लग्नाला बोलावणं नाही, मांडवात प्रवेश नाही. बाहेर उभं राहून हात धुणाऱ्यांचे चेहरे बघायचे आणि त्यावरून मसालेभात कसा झाला होता ते सांगायचं. मी ते सांगितलं. पानंच्या पानं सांगितलं.

चित्रफितीत एक खेळाडू रिकाम्या मैदानात तीन गुणांच्या रेषेबाहेरून लागोपाठ नऊ चेंडू टाकतो, नऊही आत. मी टाळ्या वाजवल्या. बायको मागून म्हणाली, "त्याला अडवायला कुणीच नाहीये." मी म्हटलं, "त्याने काय फरक पडतो?" एकट्याने पत्ते खेळणारा कधी हरल्याचं ऐकलंय का कुणी?

त्या वहीतल्या काही नोंदी आज जशाच्या तशा देतो. लाज वाटते, पण देतो.

"कीगन मरे. नवा पोरगा, आयोवाचा, निवडीत चौथा. चेहऱ्यावर काही भाव नाही. बोलत नाही, हसत नाही. घरची आठवण येत असावी. फार आशा ठेवू नये." या पोराने त्या हंगामात तीन गुणांचे 206 बास्केट केले. नवख्या खेळाडूने एका हंगामात इतके पूर्वी कधीच केले नव्हते. चेहरा शेवटपर्यंत तसाच होता.

"केव्हिन हर्टर. केस तांबडे, टोपणनाव 'रेड व्हेल्वेट'. केस छान. बाकी पाहू."

"फॉक्स आणि मंक. दोघे केंटकीला कॉलेजात बरोबर होते. आता पुन्हा एका संघात. एका बाकावर बसवू नये, वर्गात दंगा होईल." दंगा झाला, पण दुसऱ्या संघांच्या वर्गात.

"सबोनिस. हा मुंबईत आपल्याविरुद्धच्या चमूत होता. लिथुआनियाच्या थोर सबोनिसचा मुलगा, सहा फूट दहा इंच. पण स्वतः बास्केट करायचं सोडून चेंडू याच्या हातात दे, त्याच्या हातात दे, असं करत फिरतो. पंगतीतल्या वाढप्यासारखा. याने कधी जेवायचं?" पुढे कळलं की सगळी पंगत या वाढप्याच्या जिवावर चालणार होती. शिवाय हुकलेले चेंडू पकडण्यात तो त्या वर्षी सबंध एनबीएत पहिला आला.

"माइक ब्राउन. नवे प्रशिक्षक, शेजारच्या विजेत्या गोल्डन स्टेटकडून आलेले. बचाव, बचाव आणि बचाव एवढंच बोलतात. आमच्याकडे बचाव नावाची वस्तू सोळा वर्षांत पाहण्यात नाही. यंदा आमचा संघ बचावासाठी ओळखला जाईल." प्रत्यक्षात त्या वर्षी किंग्जचं आक्रमण, दर शंभर चढायांमागे मिळवलेले गुण मोजले तर, तोवरच्या एनबीए इतिहासात सर्वांत भारी ठरलं. बचाव होता तसाच राहिला. गणिताच्या शिबिराला पाठवलेलं पोर गाणं शिकून घरी आलं.

तिसऱ्या दिवशी माझ्याही अंगात शिबिर संचारलं. बास्केटबॉलमध्ये एक जीवघेणा व्यायाम असतो. मैदानाच्या टोकापासून जवळच्या रेषेपर्यंत पळायचं, वाकून रेषेला हात लावायचा, परत यायचं. मग मधल्या रेषेपर्यंत, मग पलीकडच्या, मग थेट दुसऱ्या टोकापर्यंत. खरं मैदान 94 फुटांचं. गॅरेजसमोरची आमची जागा तीस फुटांची, म्हणून मी तिला मैदानाचं प्रमाणित लघुरूप मानलं आणि मुलीच्या खडूने रेषा आखल्या. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत वाकलो तो वाकलेलाच राहिलो. शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवत होते. ते थांबले, अदबीने विचारू लागले, काही हरवलंय का? मी हो म्हणालो. ते बिचारे दहा मिनिटं माझ्याबरोबर खाली बघत शोधत राहिले. नंतर फिजिओथेरपिस्टने सहा बैठका सांगितल्या. एक मात्र झालं: त्यानंतर चित्रफितीत कुणी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकताना दिसला की "यांना दम नाही" असं मी लिहिलेलं नाही.

त्या चित्रफितींत मागच्या बाजूला एक पोरगा दिसायचा. नाव माझ्या लक्षात नाही, आणि हीच त्याची अडचण होती. शिबिराला वीस जणांपर्यंत बोलावता येत असे. हंगामासाठी पक्क्या जागा पंधरा, वर दोन अर्ध्यामुर्ध्या. बाकीच्यांनी महिनाभरात सामान बांधायचं. फॉक्स-सबोनिसची जागा छापील होती, त्यामुळे ते हसतखेळत होते. हा पोरगा मात्र प्रत्येक रेषेला पूर्ण हात टेकवायचा, बोटाचं टोक नव्हे, तळहात. कॅमेरा त्याच्याकडे वळत नसे. मी दोन दिवस त्याच्याबद्दल काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तो चित्रफितीत दिसलाच नाही, तेव्हा लिहावंसं वाटलं, पण नाव माहीत नव्हतं.

मग सराव सामने. पहिलाच लॉस एंजेलिसला लेकर्सविरुद्ध, आम्ही 105-75 ने जिंकलो. तीस गुणांनी! मग पुढचेही तिन्ही जिंकलो. चारपैकी चार. सराव सामन्यांत मोठे खेळाडू अर्धा वेळ टॉवेल गळ्यात टाकून बसलेले असतात, हे मला ठाऊक होतं. तरी वहीत मी शांत चित्ताने गणित मांडलं: हंगामात सामने 82. आजवर हार शून्य. म्हणून 82-0 अशक्य म्हणता येणार नाही.

हंगाम सुरू झाला आणि आम्ही पहिले चार सामने हरलो. ओळीने चार.

आईचा फोन आला. "काय रे, शिबिराचा काही उपयोग झाला का?"

मी वही कपाटात टाकली. मामाला फोन केला नाही, मामानेही केला नाही, यातच सगळं आलं. 29 ऑक्टोबरला पाचवा सामना, समोर मायामी. मी मुद्दाम बघितला नाही. बायकोच्या शास्त्रानुसार पायगुण लांब ठेवला. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेलो तर शहराच्या बाजूने आभाळात एक जांभळा प्रकाशझोत सरळ वर गेलेला. त्या वर्षी स्टेडियमच्या छपरावर लेझर बसवले होते, संघ जिंकला की ते पेटवायचे असं ठरलं होतं. शेजारचे आजोबाही कुत्र्यासकट वर बघत उभे होते. "सापडलं वाटतं," ते मला म्हणाले.

घरात येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्यापन?" मी म्हटलं, "थांब, अजून 77 उरलेत."

29 मार्च 2023 ला पोर्टलंडला हरवून किंग्ज बाद फेरीत गेले. सोळा वर्षं संपली. वार बुधवार होता, तरी बायकोने चुरमा केला आणि आजोबांच्या घरीही पाठवला. हंगामात 48 विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक. मग गोल्डन स्टेटशी गाठ पडली. सात सामने चालले. सातव्यात स्टेफ करीने आमच्याच अंगणात 50 गुण केले आणि चुरम्याचा डबा रिकामा झाला.

पुढचंही तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर 2024 मध्ये ब्राउनना काढलं, काही आठवड्यांत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला. वही मात्र तीच आहे. दर सप्टेंबरच्या शेवटी मी ती कपाटातून काढतो, कव्हर बदलतो आणि नव्या तारखेखाली मोत्यासारख्या अक्षरात लिहितो, "या वर्षी सगळे मनापासून बोलताहेत." संघाबद्दल त्या वहीतून काही कळणार नाही, माझ्याबद्दल हवं ते कळेल.

शंभर पानांपैकी सत्तावीस भरली आहेत. सगळ्या तारखा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आहेत.