घरच्या घरी पिकअपचा जीर्णोद्धार

आरंभ अक्षय्य तृतीयेला करावा. त्या दिवशी हाती घेतलेले काम क्षय पावत नाही असे शास्त्र सांगते, आणि हे काम तर कुठल्याही दिवशी घेतले तरी संपत नाही.

गाडी निवडताना विलीजची एफसी-१५० पाहावी. अमेरिकेत ती १९५६च्या अखेरीस आली. पुढे महिंद्राने ती आपल्याकडेही बनवली. हिला नाक नाही. इंजिन थेट केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारच्या माणसाच्या मधोमध. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ८१ इंच, म्हणजे सोसायटीच्या एका पार्किंगमध्ये ती आरामात मावते. हा मुद्दा सोसायटीच्या सभेत मांडावा. ती गंजलेली आहे हा मुद्दा सभासद आपणहून मांडतील.

विकणारा सांगेल, “गाडी चालूच होती, फक्त बॅटरी उतरलीय.” यातल्या ‘होती’चे साल विचारू नये. त्याऐवजी खाली वाकून चेसी पाहावी. वरचा पत्रा ठोकून, कापून, झाळून नीट करता येतो. चेसी सडली असेल तर नमस्कार करून परत यावे. गाडीत कोंबड्या बसत असतील तर मात्र चांगली खूण समजावी. कोंबड्या होत्या, म्हणजे वर छप्पर होते.

घरी आणल्यावर “महिनाभराचं काम आहे” असे सांगावे. महिना कोणता, हे सांगण्याची पद्धत नाही.

आता हत्यारे. आपल्या घरातले पाने मिलिमीटरचे, गाडीचे नट इंचाचे. १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जवळजवळ बसतो, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच नटाचे कोपरे जातात. म्हणून जुन्या फिटरकडे जाऊन चार सुताचा पाना मागावा. तो आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या बुटांकडे बघेल. बघू द्यावे.

चाके खोलणे हे सोपे काम समजून बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, धावताना ते सैल पडू नयेत म्हणून. ही गोष्ट ठाऊक नसलेला गृहस्थ आधी हाताने जोर लावतो, मग पान्याला पाइप जोडतो, मग भाच्याला पाइपवर उभा करतो. तोवर नट इतका घट्ट झालेला असतो की कारखान्यातही तेवढा कोणी आवळला नसेल. तेव्हा जोर लावण्यापूर्वी बोल्टच्या टोकावर ‘एल’ अक्षर आहे का ते पुसून पाहावे. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नये. या लेखातले हे एक वाक्य गंमत म्हणून वाचू नये.

इंजिन जाम असेलच. चारही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइलचे मिश्रण सोडावे आणि काही दिवस तिकडे फिरकू नये. हा काळ घरच्यांना फार आवडतो. नंतर हँडल घालून हळूच पुढे-मागे हलवावे. दोरी बांधून दुसऱ्या गाडीने ओढायला लावू नये, नाहीतर अडकलेली रिंग तुटते. हे हरिकेन इंजिन संयुक्त कुटुंबासारखे आहे: इनलेट व्हॉल्व्ह वरच्या मजल्यावर, हेडमध्ये, एक्झॉस्ट खालच्या, ब्लॉकमध्ये. एकाची कुरबूर ऐकून दुसऱ्याला मोकळा करू नये. फायरिंगचा क्रम १-३-४-२. तो देवघराच्या दारावर खडूने लिहून ठेवावा, कारण प्लगच्या वायरी काढताना खूण करायची राहतेच.

खोललेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी चिकटवावी. फराळाचे डबे यासाठी उत्तम, पण दिवाळीआधी परत द्यावे लागतात. त्या दिवशी चिठ्ठ्यांसकट सगळे एका बादलीत जाते, आणि इथून पुढे जीर्णोद्धार अध्यात्माकडे वळतो.

सुट्या भागांसाठी पुणेकरांनी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, मुंबईकरांनी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जावे. “ओरिजिनल अमेरिकन” म्हणून हातात आलेल्या वस्तूचा रंग बोटाला लागतो का, हे पाहून मगच भाव करावा.

इंजिनाआधी ब्रेक करावेत. असे कोणी करत नाही, कारण ब्रेकचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. निदान ब्रेक ऑइलचा डबा नव्या रंगावर ठेवू नये. ते सांडले की रंग उचलून घेते. रंगाचे म्हणाल तर डेंटर लांबी किती भरतो यावर डोळा ठेवावा. काही पिकअप पुढे चुंबकाला ओळख देत नाहीत.

शेवटी नोंदणी. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. तेव्हा आतापर्यंत काय केले ते आरटीओत उत्साहाने सांगत बसू नये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे पेट्रोल भरायला पंपावर आणि तिथून दुरुस्तीला गॅरेजात, हा प्रवास पूर्णपणे कायदेशीर आहे. मेव्हण्याचा फ्रीज हलवायचा असेल तर नाक्यावरून टेम्पो सांगावा.