भाऊंची लाइट

शुक्रवारी सकाळी लाइट जाते. बदलापूर पूर्वेच्या सोसायटीत मिक्सर चटणी अर्धवट सोडून गप्प होतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, चौथ्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीत येऊन समोरच्या बिल्डिंगला विचारतात, "तुमच्याकडेही गेली का?" तुमच्याकडेही गेली असली की दुःख निम्मं होतं. नेमक्या याच वेळी एका घरातून समाधानाचा हुंकार येतो आणि पाठोपाठ हत्यारांची पेटी सरकवल्याचा आवाज. ते भाऊ.

भाऊ प्रत्येक सोसायटीत एक असतातच. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्सला, बनियनवर अ‍ॅसिडनं पडलेली बारीक भोकं. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि लाइनच्या देखभाल-दुरुस्तीचं शटडाउनही बऱ्याचदा शुक्रवारीच. घरच्या दिवशीच लाइट जाते म्हणून त्यांचे कंपनीतले सोबती कपाळाला हात लावतात. भाऊंना मात्र तो मुहूर्त वाटतो. त्यांचं म्हणणं साधं आहे: लाइट असताना भिंतीला भोक कुणीही पाडेल.

भोक कशासाठी हवंय, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नाही. पूर्वी वहिनी विचारायच्या.

या सगळ्याची सुरुवात भाऊ 26 जुलै 2005 पासून करतात. त्या दिवशी उल्हास नदी बदलापुरात शिरली. पाणी ओसरलं, चिखल उपसला, आणि मग कळलं की फुगलेली दारं चौकटीत बसत नाहीत. घासायला रंधा मशीन होतं, लाइट नव्हती. भाऊंच्या मते माणूस म्हणून आपण किती परावलंबी आहोत हे त्यांना त्या बंद न होणाऱ्या संडासाच्या दारानं शिकवलं. नंतर भारनियमनाची वर्षं आली. सगळ्यांनी इन्व्हर्टर घेतले, भाऊंनीही घेतला. तो पंखे आणि ट्यूबलाइटसाठी आहे, अशी वहिनींची समजूत होती. भाऊंनी ती कधी खोडून काढली नाही, एवढंच.

आता थोडा हिशोब सांगायला हवा, कारण भाऊ कुणालाही तो सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. घरचा इन्व्हर्टर 850 व्हीएचा. त्यातून जेमतेम 650-700 वॉट निघतात. चार इंची ग्राइंडरवर लिहिलेले असतात 670. कागदावर जमतं. पण मोटर उठताना क्षणभर तिप्पट-चौपट करंट मागते. तेवढ्यात इन्व्हर्टर टूं टूं करतो, लाल दिवा लागतो, आणि भाऊ घरभर आवाज देतात, "पंखे बंद करा! टीव्ही बंद करा! फ्रीजच्या वरचा दिवा कुणी लावलाय?" मे महिन्याच्या उकाड्यात सगळं घर घामाघूम बसतं आणि ग्राइंडर पोह्याच्या कढईचा कान घासतो. वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, इन्व्हर्टर आहे म्हणून आमच्याकडे पंखा बंद असतो, हे मी कुणाला सांगू?" भाऊ म्हणाले, "दोनच मिनिटं." ही दोन मिनिटं एमआयडीसीत वेगळी मोजतात.

बॅटरी 150 अँपिअर-अवरची. ग्राइंडर चालला की तिच्यातून पासष्ट-सत्तर अँपिअर जातात. भागाकार केला तर दोन तास यायला हवेत. येत नाहीत. बॅटरीवरचा आकडा दहा-वीस तास सावकाश वापरण्यासाठी असतो. घाईनं मागितलं की ती हात आखडता घेते. हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. पण ठाऊक असणं आणि गप्प बसणं या त्यांच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्बल कटर बाराशे वॉटच्या वरचा, तो घरच्या इन्व्हर्टरवर फिरणारच नाही, हेही त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तो लावून पाहिला, कारण "लावल्याशिवाय कसं कळणार?"

कळल्यावर भाऊ उल्हासनगरला जातात. 1947 नंतर सिंधमधून आलेल्या माणसांना लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळाल्या. त्यांनी त्या पाच कॅम्पांतून, जगात जे जे बनतं ते इथंही बनू शकतं, हे सिद्ध करून दाखवलं. भाऊंना हा गाव तीर्थासारखा. दुकानदारासमोर ते जळका भाग ठेवतात. दुकानदार त्याच्याकडे न बघता भाऊंकडे बघतो. "साईं, इन्व्हर्टर पे चलाया?" भाऊ मान हलवतात. "रेग्युलेटरवाला ड्रिल?" पुन्हा मान. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी वीज त्या स्पीडच्या रेग्युलेटरला सोसत नाही. मोटर गुरगुरते, तापते, मग वास येतो. दुकानदार साइन वेव्ह इन्व्हर्टर दाखवतो. भाऊ किंमत ऐकतात आणि कार्बनची एक जोडी घेऊन परत येतात.

पण एकदा येताना भाऊ भंगारवाल्याकडे थांबले, आणि तिथं त्यांचं आयुष्य बदललं. एका बंद पडलेल्या ऑफिसच्या यूपीएसमधून निघालेल्या छोट्या बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्टच्या, ढिगानं पडल्या होत्या. ड्रिल-ग्राइंडरची मोटर एसीवर चालते तशी डीसीवरही चालते, हे भाऊंनी आयटीआयला शिकलेलं होतं. अठरा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की 216 व्होल्ट. मग इन्व्हर्टर हवाच कशाला?

आणि खरोखर, जुना बिनरेग्युलेटरचा ड्रिल चालला. झकास चालला. भाऊंनी विजयी मुद्रेनं बटण सोडलं, तरीही चालत राहिला. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून बटण सुटलं की ठिणगी विझते. डीसीला शून्य भेटतच नाही; बटणाच्या आत निळी ज्योत तशीच जळत राहते आणि पत्र्या एकमेकींना चिकटतात. ड्रिल भाऊंच्या हातात फिरतोय, भाऊ ड्रिलभोवती फिरतायत, आणि वहिनी लाटणं घेऊन दारात. शेवटी भाऊंनी लाकडी पाटाच्या टोकानं बॅटरीच्या वायरचा एक लग उडवला तेव्हा शांतता झाली. (हा प्रयोग कुणी घरी करू नये. भाऊही आता करत नाहीत; बॅटऱ्या गच्चीवर आहेत आणि गच्चीची किल्ली वहिनींकडे.)

या माणसाला आपण वेडा म्हणू शकत नाही, याचं कारण त्याचं वाचन. 1961 साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरनं बिनवायरीचा ड्रिल काढला हे भाऊंना तोंडपाठ. 1971 मध्ये अपोलो 15 चे अंतराळवीर बॅटरीवरचा ड्रिल घेऊन चंद्रावर गेले, हे तर ते सोसायटीच्या वार्षिक सभेतही सांगतात. विषय पाण्याच्या टाकीचा असतो. "चंद्रावर कुठं होता प्लग?" असं विचारून ते सभा थांबवतात. तिथं जमिनीत रुतलेली नळी उपसताना डेव्हिड स्कॉटच्याही नाकी नऊ आले होते, हा भाग ते हळू आवाजात सांगतात.

महाशिवरात्रीला भाऊ अंबरनाथच्या शिवमंदिरात जातात. शिलालेखातला शक 982, म्हणजे इसवी सन 1060. लोक पिंडीकडे बघत असताना भाऊ बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती जवळून न्याहाळतात, बोटानं हवेतच कडा मोजतात आणि हळहळतात, "एवढं काम, आणि एक पॉइंट नाही."

त्यांची खरी परीक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या पडद्याच्या दांडीनं घेतली. लाइट नव्हती, पाहुणे संध्याकाळी येणार होते. काकू म्हणाल्या, "उद्या पाडा की भोक." हे वाक्य भाऊंना लागलं. मोठ्या बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर. ती त्यांनी सिलिंडरच्या ट्रॉलीवर इन्व्हर्टरसकट बांधून ठेवलेली होती. ट्रॉली जिन्यापाशी आली आणि तिथं विज्ञान थांबलं. लिफ्ट बंद म्हणून बॅटरी हवी, आणि बॅटरी वर न्यायची तर लिफ्ट हवी. चार पोरं बोलावली. अ‍ॅसिड सांडू नये म्हणून सरळ धरा, भिंतीला लावू नका, घाई नको, असं सांगत भाऊ पुढं. दुसऱ्या मजल्यावर विश्रांती आणि कोकम सरबत. तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर ट्रॉली टेकली आणि लाइट आली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी हौसेनं प्लगकडे बोट दाखवलं. तो दांडीच्या जागेपासून हातभर अंतरावर होता. भाऊंनी पिन इन्व्हर्टरलाच लावली. "तिचा भरवसा नाही," ते म्हणाले.

मागच्या दिवाळीत हिंजवडीला असणाऱ्या मुलानं त्यांना नवाकोरा कॉर्डलेस ड्रिल आणून दिला. अठरा व्होल्टचा, लिथियमचे पाच सेल, मुठीएवढी बॅटरी. भाऊंनी तो हातात तोलून पाहिला, दोन भोकं पाडली, "छान आहे" म्हणाले आणि पेटीत ठेवून दिला. वहिनींना वाटलं, सुटलो. पुढच्या शुक्रवारी भाऊ पुन्हा उल्हासनगरला. येताना जुन्या स्कूटरच्या सहा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या घेऊन आले, कारण तीन सक अठरा. संध्याकाळपर्यंत ड्रिलची मुठीएवढी बॅटरी काढून बाजूला ठेवली होती आणि तिच्या जागी खालून जाडजूड वायर निघून ट्रॉलीपर्यंत गेली होती.

मुलानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, त्याला वायर कशाला?"

"तुझी बॅटरी संपत होती," भाऊ म्हणाले. "आता दिवसभर चालेल. फक्त वायर लांब केली की व्होल्टेज पडतं, म्हणून ट्रॉली जवळ ओढायला आईला उभं केलंय."