आजीचं लुगडं गेलं कुठं?

पांढुर्ण्याजवळच्या तिगावात सध्या लुगडी चोरीला जातात, ऐकलंत का? दाराचं कुलूप शाबूत, ज्वारीची कोठी जागच्या जागी, फक्त आजीच्या लोखंडी पेटीतलं तळाचं लुगडं गायब. तक्रार तरी कुठं करणार? चोर घरातलीच नात असते, आणि मुद्देमाल अंगावर घालून ती दुसऱ्या दिवशी राजरोस नागपूरच्या गाडीत चढते. काठ बाहीला, पदर पाठीवर, उरलेल्या चिंधीची डोक्याला रिबीन. हे पाहून एका आजीनं कपाळावर हात मारला म्हणे: "अवं माय, त्याची तर मी पोळ्याले बैलाची झूल करनार होती!"

झालं. पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे समोरासमोरची दगडफेक, वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात होते. लुगड्यांवरून सुरू झालेली ही शाब्दिक गोटमार मात्र रोज संध्याकाळी नळावर रंगते आहे, आणि तिला प्रशासनाची बंदी नाही.

सगळ्यात आधी बिथरले ते शिंपीकाका. सौंसरजवळ बोरगावला 1991 पासून रेमंडची गिरणी आहे, सुटाचं कापड तिथं विणून देशभर जातं. घराशेजारी एवढी गिरणी असताना कॉलेजातलं पोरगं आजोबांचं धोतर काखेत मारून येतं आणि म्हणतं, "काका, याचा शर्ट शिवा. आणि डाग तसाच ठेवा." डाग तसाच! काकांची उभी हयात गिऱ्हाइकाला डाग दिसू नये म्हणून खिसा कुठं लावावा, या विचारात गेली. आता खिसा बाजूला आणि हळदीचा डाग छातीवर, मेडलसारखा.

पण खरा संताप पाहायचा असेल तर भांडेवालीचा पाहावा. मुंबई-पुण्याकडे जिला बोहारीण म्हणतात तीच ही. डोक्यावर टोपलं, टोपल्यात स्टीलची पातेली, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. तिच्यापुढं कोणाचं काही चालत नसे. लुगडं उन्हात धरून बघायची, काठ चाचपायची, विरलेलं शोधून काढायची आणि डब्याऐवजी वाटी पुढं करायची. आता बाया दारातूनच सांगतात, "नाही वं बाई, जुने कपडे ठेवले नाहीत." नाहीत कसे? पेटी भरून आहेत! तिला ते वासावरून कळतं. परवा तिनं दाराशीच ऐकवलं, "फाटक्याले भाव आला अन् आमचा भाव गेला." तिचं बरोबर आहे. जुन्या कपड्यावर पोट भरणारी ती पहिली, आणि या नव्या शौकात तिला कोणी विचारलेलंही नाही.

तिनं नेलेल्या गाठोड्याचं पुढं काय होतं, हा आमच्याकडचा जुना गूढ विषय. धड असेल ते धुऊन, इस्त्री होऊन पुन्हा बाजारात बसतं. लोकरी कापडाच्या नशिबी मात्र पानिपत. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की 1761 आठवतं, पण आज तिथं जगभरातल्या जुन्या स्वेटर-कोटांच्या चिंध्या होतात, त्या पिंजून पुन्हा सूत काततात आणि त्याची ब्लँकेटं निघतात. म्हणजे कोटाचंही पानिपत होतं, फक्त तो पुन्हा उभा राहतो.

आता एका काकूंची गोष्ट, नाव विचारू नका. या काकू पाहुणे यायचे म्हटले की घरातली गोधडी माळ्यावर फेकायच्या आणि बाजारातली गुळगुळीत चादर अंथरायच्या. ठिगळं दिसली तर लोक काय म्हणतील! त्याच काकूंनी यंदा ती गोधडी माळ्यावरून काढून बैठकीच्या भिंतीवर टांगली आहे. वर दिवासुद्धा लावलाय. थंडीत पांघरायला मागितली तर म्हणतात, "हात नको लावू, ते शोपीस आहे." सासूबाई खाली कुडकुडताहेत, गोधडी वर भिंतीला ऊब देते आहे.

सासूबाईंना विचाराल तर हा सगळा शौक अर्धवटच. त्यांच्या काळी लुगडं एका जन्मात सुटत नसे. नेसून विरलं की मधला भाग काढून दोन्ही कडेचे पट्टे जोडायचे, पुन्हा नेसायचं. मग त्यातून पोरीचा परकर. परकर विटला की गोधडीच्या पोटात. मऊ पडलेल्या भागाची बाळंतिणीसाठी दुपटी, बाळोती, झबलं-टोपरं. नव्या जिवाच्या अंगाला नवं कापड टोचतं, म्हणून त्याला आधी जुनंच लागायचं. त्यातूनही उरलं तर पाण्याच्या गुंडीखाली चुंबळ, मग सारवणाचं पोतेरं. शेतातल्या बुजगावण्याच्या वाट्याला तर आजोबांचा सदरा शेवटी यायचा, तोही बटणं काढून घेतलेला. आणि या आजच्या पोरी! एका लुगड्याचा एक झगा करतात, चार फोटो काढतात आणि उरलेलं कापड केरात टाकतात. सासूबाईंच्या लेखी बोभाटा कसला करायचा तर या उरलेल्या कापडाचा.

गोधडीचंही तसंच. उन्हाळ्यात अंगणात जुनी लुगडी थरावर थर पसरायची, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि कडेनं धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. चौघी चार बाजूंनी बसणार, म्हणजे गावातलं कोणतंही प्रकरण त्या वर्तुळातून सुटणार नाही. कोणत्या ठिगळाचं लुगडं कोणाच्या लग्नात आलं, कोणी देताना हात आखडला, याची पुरी नोंद टाक्यांत व्हायची. तेव्हा आज नळावर बोलणाऱ्या बायांनी उगाच मोठेपणा घेऊ नये. गोधडीवरची चर्चा गोधडीइतकीच जुनी आहे.

"ठिगळं मिरवायची म्हणजे काय!" असं ज्यांना वाटतं त्यांनी वरुडाकडं पाहावं. पांढुर्ण्याची शीव ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र घालून गावोगाव झाडत फिरले. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. फरक एवढाच, की बाबांनी त्याचा फोटो काढून घ्यायला आरसा शोधला नाही.

आणि हे खूळ एकट्या तिगावाचं आहे असंही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, आपल्यासारखीच कापसाच्या मुलखातली. तिथल्या कृष्णवर्णीय बायांनी शेतात घालायच्या फाटक्या विजारी आणि कामाचे सदरे जोडून गोधड्या शिवल्या, थंडी वाजत होती म्हणून. त्याच गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये टपालाच्या तिकिटांवर आल्या. हे कळल्यापासून आमच्या काकूंनी भिंतीवरचा दिवा मोठ्ठा केलाय.

सगळ्यांत चटकदार बातमी मात्र शेवटी राखून ठेवली होती. एका पोट्टीचा दावा आहे, की तिच्या पणजीचं लुगडं नागपूरच्या एम्प्रेस मिलचं आहे. ही मिल जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, म्हणून नावही तसंच. पुढं मिल बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. आता ही मुलगी त्याच मिलच्या लुगड्याचा कुर्ता घालून त्याच मॉलमध्ये जाते, नवे कुर्ते बघते, नाक मुरडते आणि काही न घेता परत येते. दुकानदारांनी काय करावं, सांगा! मला विचाराल तर या साऱ्या तमाशात तिच्याइतकं शहाणं कोणी नाही.

माझा राग वेगळ्याच मंडळींवर आहे. शहरात काही जण कोरं कापड आणून, त्याचे मुद्दाम तुकडे करून, चहाच्या पाण्यात बुडवून 'जुनी' गोधडी विकतात. हे पाप बैलाच्या झुलीचा कुर्ता करण्यापेक्षा कितीतरी मोठं. ती गोधडी शिवायला मात्र खेड्यातल्याच बाया, आणि त्यांच्या हाती पडतं काय, ते विचारायला कोणी नळावर थांबत नाही.

तेव्हा पोरींनो, खुशाल करा काय करायचं ते. जरीकाठाचं लुगडं सापडलं तर कात्री लावण्याआधी काठ नागपूरच्या इतवारीतल्या सराफाला दाखवा. जुनी खरी जर चांदीच्या तारेची असते. आणि गोधडी कोणाकडून शिवून घेतलीत तर तिची मजुरी रोख द्या, पातेल्यावर भागवू नका.