वाडा विकणे नाही, लाकूड देणे आहे

सायखेड्यात, चांदोरीत किंवा निफाडच्या एखाद्या जुन्या पेठेत वाडा पाडायला काढला, की दोन-तीन दिवसांत टेम्पो दारात उभा राहतो. टेम्पोवाल्याला इतिहास कळत नाही असं कुणी म्हणू नये. तो खांबावर नख ओढतो, तुळईला टिचकी मारतो आणि सागवान कसलं, किती मुरलेलं, ते सांगून मोकळा होतो. एरवी ज्या निदानासाठी समिती नेमावी लागते, पाहणीदौरा काढावा लागतो आणि अहवालाला मुदतवाढ द्यावी लागते, ते त्याचं तंबाखू मळता मळता उरकतं. घरातले अण्णा सांगत असतात की या ओसरीवर कुणा सरदाराचा मुक्काम पडला होता. टेम्पोवाला मान डोलावतो आणि घनफुटाचा भाव करतो. सरदाराचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडे वाडा टिकवायला कुणी तयार नसतं, त्याचं लाकूड मात्र सगळ्यांना हवं असतं. म्हणून वाड्याचा खरा इतिहास तो पडल्यावर सुरू होतो.

तसा तो पडायला सहजासहजी तयार होत नाही, ही मोठीच अडचण. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, वर मातीचा थर. भार बहुतेक लाकडाने पेलायचा, मधल्या भिंतीने नुसता आडोसा करायचा. भिंत बसली तरी सांगाडा हटत नाही. गोदावरी १९६९ साली चढली, २००८ साली चढली, २०१६ आणि २०१९ साली तर सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरली. पुलाला पाणवेली अडकल्या, त्या काढायला यंत्रं आली, यंत्रं पाहायला पुढारी आले. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. त्यात ‘घराची भिंत पडली’ याला रकाना असतो, ‘खांब उभा राहिला’ याला नसतो. उभं राहिल्याबद्दल या राज्यात अनुदान नाही.

तिकडे नाशकात सरकारवाडा आहे. पेशवाईतला, सराफ बाजारातला, लाकडी खांबांचा, राज्य संरक्षित. नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, गळ्याला पाणी, नारोशंकराच्या घंटेला पाणी, सरकारवाड्याच्या पायरीला पाणी, अशी त्यांची चढती भाजणी. म्हणजे ज्या वास्तूला पाण्यापासून जपायचं, तिलाच आपण पूरमापकाच्या जागेवर नेमलं, तेही बिनपगारी. एका पोलीस ठाण्यालासुद्धा तिचंच नाव आहे. एवढ्या बंदोबस्तात म्हातारं व्हायचं भाग्य इतर वाड्यांना कुठलं!

त्यांना पावसाळ्यापूर्वी नोटीस येते. जुन्या नाशकातल्या वाड्यांवर ती दरवर्षी आषाढीच्या वारीइतकी नेमाने चिकटते: इमारत धोकादायक आहे, त्वरित रिकामी करावी. घरमालक ती भाडेकरूला दाखवतो, भाडेकरू भाड्याची पावती दाखवतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं गोठवलं, पण कौलं आणि वाळवी यांना तो लागू केला नाही. ज्या भाड्यात आज कटिंग चहा येणार नाही, त्यात मालकाने छप्पर शाकारावं अशी भाडेकरूची अपेक्षा. भाडेकरूने स्वतःहून निघून जावं अशी मालकाची. कधी कधी या वादाचा निकाल पाऊस देतो, आणि मग ढिगाऱ्याखाली माणसं सापडतात. तिथे विनोद संपतो. नोटीस मात्र पुढच्या वर्षी शेजारच्या दारावर असते.

पुण्याने यावर उपाय शोधला होता. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. १८२८ साली आत आग लागली आणि लाकडाचा महाल गेला. तट, दरवाजे आणि जोती उरली. आज लोक तिकीट काढून ती जोती पाहतात आणि महाल मनातल्या मनात बांधतात. उलट विश्रामबागवाडा १८७९ च्या आगीत काहीसाच जळला, पुन्हा उभा राहिला आणि अजून उभा आहे. त्यामुळे त्याच्यासमोर माणसं गाडी लावायला जागा शोधतात.

खेड्यात भाडेकरू नसतो, चुलतभाऊ असतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलं. ड्रोनला छप्पर एक दिसलं. नमुना आठवर त्याखाली पणजोबांपासूनची वंशावळ दाटीवाटीने बसली आहे. एक भाऊ नाशकात, एक ठाण्यात, एक अमेरिकेत. गळकं कौल बदलायला सगळ्यांची संमती लागते, ती येत नाही. लाकूड विकायची संमती व्हॉट्सॲपवर एका रात्रीत येते, अमेरिकेतून तर सर्वांत आधी, सोबत जोडलेल्या हातांचं चित्र.

जागेवर मग स्लॅब पडतो. पुढे ग्रॅनाइटचा ओटा, वर द्राक्षाच्या घडाच्या आकाराची पाण्याची टाकी. खांब जातात हमरस्त्यावरच्या ‘अस्सल वाडा’ हॉटेलात. दिवाळीला सगळी भावकी तिथे जेवायला जमते. पिठलं-भाकरीची थाळी साडेचारशेची. ठाण्याचे काका सवयीने खांबाला टेकतात, तर वाढपी म्हणतो, ‘साहेब, अँटिक आहे, टेकू नका.’ बिल आल्यावर धाकटी पाती हळूच विचारते, वरची तुळई सामाईकातली होती ना, मग थाळीत तेवढी सूट बसते का? मॅनेजर वारसदाखला मागतो.