सरासरीतले रसिक

नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात निकष 12 आहेत. पोषण, शाळा, वीज, संडास, बँक खाते वगैरे. नाटक-गाण्यावाचून कुणाचे अडत नाही, हे त्यात गृहीतच! शिवाय आकडा अख्ख्या जिल्ह्याचा. त्यामुळे घोडबंदरचा टॉवर आणि उल्हासनगरच्या कॅम्पातली खोली ठाण्याच्या एकाच सरासरीत सुखाने नांदतात. अंबरनाथकरांना तर तक्रारीला जागाच नाही. त्यांच्याकडे 1060 सालचे शिवमंदिर आहे, कला तिथे दगडातच कोरून ठेवलीय. बदलापूरकर मात्र दादरला नाटकाला गेला, की शेवटच्या अंकात रंगमंचापेक्षा घड्याळ जास्त बघतो. सर्वेक्षणवाले कधी दारी आलेच, तर मंडळी, बँक खात्याच्या रकान्याशेजारी शेवटच्या कर्जत लोकलची वेळही लिहून द्या.