अधिक-उणे

आमच्या सोसायटीच्या बागेत रोज सकाळी दोन काका बरोबरीनं चालतात. एकाच बाकापासून सुरुवात, त्याच बाकावर शेवट. परवा एकाच्या मनगटावर ६,२१२ पावलं उमटली, दुसऱ्याच्या ५,८७४. वाद पेटला. मी भौतिकशास्त्रवाला, म्हणून मला पंच नेमलं. म्हटलं, "साधारण सहा हजार म्हणा की!" दोघंही तेव्हापासून माझ्याशी तुटकच बोलतात. ज्याचं घड्याळ महाग त्याची पावलं खरी, असा निकाल त्यांनी आपापसात लावून घेतला.

प्रयोगशाळेत आकडा एकटा दिसला की आम्हाला चैन पडत नाही. पुढं अधिक-उणे किती, ते लिहिलं नसेल तर आम्ही पोरांची जर्नलं परत करतो. बाहेर उलटी तऱ्हा. दशांश चिन्हापुढं जितकी घरं, तितकी आकड्याची इभ्रत मोठी. तापाचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरनं हजारो लोकांच्या काखेत थर्मामीटर लावून सरासरी काढली, ३७ अंश सेल्सिअस. चांगला गोळाबेरीज आकडा. फॅरनहाइटमध्ये नेताना त्याचे ९८.६ झाले, आणि तो 'पॉइंट सहा' घरोघरच्या आयांनी असा काही उचलून धरला की ९९ दिसले रे दिसले की शाळेला दांडी.

शिवाजीनगरच्या ज्या कचेरीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, त्या हवामान खात्याचं दुखणं निराळं. ते बिचारे आपण किती चुकू शकतो हेही सांगतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये खातं म्हणालं, पाऊस सरासरीच्या १०६ टक्के, अधिक-उणे ५. पडला १०८. आणखी काय हवं? पण बातमीत १०६ राहतात, अधिक-उणे ५ वाटेत कुठंतरी गळतात. शिवाय ते १०८ अख्ख्या देशाचे. आपल्या शिवारात किती पडणार, एवढंच बांधावरच्या माणसाला हवं असतं. बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये अंदाज चुकला म्हणून खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. शहरात लोक हसले. मला हसू आलं नाही. दुबार पेरणीचं बियाणं ज्याला उधारीवर आणायचंय, त्यानं देशाची सरासरी घेऊन काय करावं?

अधिक-उणेला चक्क नियमात बसवलंय ते क्रिकेटनं. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडूचा जो पुढचा रस्ता दिसतो, त्या रस्त्यानं चेंडू कधी गेलेलाच नसतो. मध्ये पॅड आलेलं असतं. तो सगळा कॉम्प्युटरचा अंदाज. म्हणून चेंडू स्टंपांना नुसता चाटून जाताना दिसला की यंत्र म्हणतं, इथं माझी खात्री नाही, मैदानावरच्या पंचाचं खरं. इतकं सभ्य यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि टीव्हीसमोर सगळ्यात जास्त शिव्या याच 'अंपायर्स कॉल'ला! २०१६ पर्यंत आपलं क्रिकेट बोर्ड या रस्त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. म्हणे, यंत्र शंभर टक्के अचूक नाही. आता प्रेक्षकांची तक्रार, यंत्राला शंभर टक्के का मानत नाहीत?

राजकारणात तर शरमेनंसुद्धा कोणी अधिक-उणे म्हणत नाही. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलवाल्यांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढं नेऊन बसवलं. सोमवारी शेअर बाजार उसळला. मंगळवारी मोजणीत रालोआ २९३ वर अडकली आणि सेन्सेक्स दिवसात चार हजारांहून जास्त अंकांनी आपटला. 'चारशे पार'च्या फलकावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अधिक-उणे १०७' एवढं छापलं असतं, तर घोषणा काट्यावर बरोबर निघाली असती. तिकडं काँग्रेसवाल्यांनी ९९ जागांचा असा जल्लोष केला की हरलं कोण, हेच कळेना.

मुंबई वायव्यमध्ये तेव्हा शिवसेनेच्या दोन गटांचे रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर समोरासमोर होते; दोघांनाही साडेचार लाखांवर मतं पडली आणि वायकर ४८ मतांनी जिंकले. मतदान होतं सोमवारी, शनिवार-रविवारला लागून. अठ्ठेचाळीस माणसं म्हणजे लोणावळ्याला निघालेली एक बस. ती कोणत्या पक्षाची होती, यावर दोन्ही सेनांनी जरूर संशोधन करावं.